साठ पिनांचा व्हिडिओ गेम : दुरुस्ती आणि कॅसेटींच्या नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला माल: कॅसेटचा व्हिडिओ गेम, दोन रिमोट (एकाची वायर मुळातून लोंबतेय), एक बंदूक, पाच कॅसेटी. अडॅप्टर नाही. कंपनीचा स्टिकर कुणीतरी नखाने खरवडून काढलेला. विक्रेता हजार म्हणत होता, सातशेला तुटलं. चालू आहे का, हे विचारलंच नाही. तिथे लावून बघायला वीज नसते, त्यामुळे उत्तर एकच मिळतं.

हे यंत्र म्हणजे निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम'ची नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आला. अमेरिकेत तोच १९८५ मध्ये 'एनईएस' या नावाने गेला, पण वेगळ्या डब्यात, ७२ पिनांच्या (पिना म्हणजे कॅसेटच्या कडेवरच्या धातूच्या पट्ट्या) कॅसेटी आणि परक्या कॅसेटी अडवणारी कुलपाची चिप घेऊन. फॅमिकॉमला ६० पिना आणि कुलूप नाही. म्हणून नक्कल करणाऱ्यांनी तोच धरला. रशियात त्याला डेंडी म्हणतात. आपल्याकडे नव्वदच्या दशकात सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी तो घरोघरी पोचला. कॅसेटी मात्र सगळ्यांच्या एकच, ६० पिनांच्या. विकत घेण्याआधी पिना मोजा. बाकी डब्याचा आकार कसाही असो.

रात्री स्क्रू काढले. आत तपकिरी, एका बाजूचा बोर्ड. मधोमध राळेचा काळा ठिपका, त्याखाली सगळं यंत्र एकाच चिपमध्ये. फॅमिकॉममध्ये प्रोसेसर आणि चित्राची चिप वेगवेगळ्या होत्या; उशिराच्या नकलांनी दोन्ही एकत्र केल्या. बाजूला ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ७८०५ रेग्युलेटर (अडॅप्टरची वीज ५ व्होल्टवर आणणारा), कोपऱ्यात टीव्हीच्या अँटेनात जाणारी पत्र्याची डबी. मुंगीची अंडी आणि एक दहा पैशाचं नाणं मोफत.

राळेखालची चिप दुरुस्त होत नाही. ती गेली असेल तर विषयच संपला. त्यामुळे संशयाची वाट बाहेरून आत: अडॅप्टर, तो जिथे लागतो तो जॅक, स्विच, रेग्युलेटर, कॅपॅसिटर, कॅसेटचं सॉकेट. चिप सगळ्यात शेवटी.

९ जानेवारी

अडॅप्टर. इथेच सगळ्यात जास्त यंत्रं मरतात.

हल्लीचे राउटरचे वगैरे अडॅप्टर बहुतेक मध्ये प्लस, बाहेर मायनस असे असतात. मूळ फॅमिकॉमचा अडॅप्टर उलटा: मध्ये मायनस, १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर. नकलांमध्ये नियम नाही. म्हणून अंदाज करायचा नाही, मीटर (मल्टिमीटर) लावायचा. ७८०५ चे तीन पाय: छापलेली बाजू आपल्याकडे धरली तर डावा इनपुट, मधला ग्राउंड (म्हणजे मायनस), उजवा ५ व्होल्ट. मीटर 'बीप'वर ठेवून जॅकची मधली पिन आणि ७८०५ चा मधला पाय तपासला. बीप वाजला. म्हणजे माझ्या यंत्रातही मध्ये मायनस. घरातला राउटरचा अडॅप्टर तसाच खुपसला असता तर उलटा करंट थेट रेग्युलेटरमध्ये गेला असता. वाटेत डायोड लावायचे पैसेसुद्धा बनवणाऱ्याने वाचवलेत.

घरात पडलेला ९ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर घेतला, वायर कापून दोन्ही तारा अदलाबदल करून जोडल्या, वर नळी चढवली. कागदी टेपवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'फक्त गेम'. हे लिहायला विसरू नका, नाहीतर घरातलं कुणीतरी तो राउटरला लावतं आणि इंटरनेट बंद पडल्याचं खापर आपल्या छंदावर फुटतं.

१२ व्होल्टचा का नको, तर ७८०५ वरचे सगळे व्होल्ट जाळून टाकतो. यंत्र ३०० मिलिअँपिअर खात असेल तर १२ व्होल्टवर (१२ − ५) × ०.३ म्हणजे २.१ वॅट उष्णता, ९ वर १.२ वॅट. आतली पट्टी एवढीशी आहे. आणि जुन्या काळचे जड, ट्रान्सफॉर्मरवाले '९ व्होल्ट' अडॅप्टर लोड नसताना १२-१३ व्होल्ट सहज दाखवतात, तेही ध्यानात ठेवा.

१३ जानेवारी

पहिल्यांदा वीज दिली. लाल दिवा मंद. ५ व्होल्टच्या जागी ४.३, आणि हळूहळू आणखी खाली.

रेग्युलेटर गेला असं धरून तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाऊन नवा ७८०५ आणला (१२ रुपये). जुना उपसला, नवा लावला. वाचन तेच, ४.३. मग सोबत आणलेला १००० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कॅपॅसिटरही बदलला, कारण जुन्याचं डोकं फुगलेलं होतं. तरी तेच. अख्खी संध्याकाळ गेली.

जेवणानंतर जे आधी करायचं ते केलं: ७८०५ च्या आऊटपुटऐवजी इनपुट मोजला. जॅकवर ९.१ व्होल्ट, रेग्युलेटरच्या इनपुटला ६.१. ७८०५ ला नीट ५ द्यायला इनपुटला साधारण ७ तरी लागतात. मग मधले तीन व्होल्ट कुठे गेले? जॅक आणि रेग्युलेटरच्या मध्ये एकच वस्तू आहे, चालू-बंदचा सरकता स्विच. बोट लावलं तर कोमट. आतले पत्रे काळे पडलेले आणि सगळी वीज तिथे अडून तापत होती.

कॉन्टॅक्ट क्लिनर मारून दहा-वीसदा सरकवला. ४.७ पर्यंत आला, पण त्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. नवा सहा पायांचा सरकता स्विच आठ रुपयांना मिळाला. पाय जरा रुंद होते, बोर्डाची भोकं मोठी करावी लागली. आता ४.९८ व्होल्ट, हलत नाही.

ज्यांचं यंत्र 'चालू होतं पण चित्र थरथरतं' किंवा 'पाच मिनिटांनी हँग होतं' त्यांनी आधी हाच स्विच बघावा. कमी व्होल्टवर चिप अशी काही वेडीवाकडी वागते की ती गेली असंच वाटतं. जुन्या बाजारात 'डेड' म्हणून दोनशेला विकले जाणारे डबे यातलेच निघू शकतात.

१४ जानेवारी

अँटेनाच्या वायरने टीव्हीला जोडला. आमच्या एलसीडीत जुना ॲनालॉग ट्यूनर अजून आहे. ऑटो सर्चने चॅनल सापडला. मुंग्यांच्या पावसात गेमची यादी दिसली आणि संगीत वाजलं. भाचा म्हणाला, "मामा, हे असंच दिसायचं तुमच्या वेळी?" म्हटलं, असंच. पण असं ठेवायचं नाही.

उद्या संक्रांत. घरी तिळगुळाचं काम सुरू असल्यामुळे ओट्याजवळ सोल्डरिंगला बंदी.

२० जानेवारी

टीव्हीच्या पिवळ्या (चित्र) आणि पांढऱ्या (आवाज) पिनेसाठी यंत्रातून वायरी बाहेर काढण्याचं काम. पत्र्याच्या डबीत चार गोष्टी जातात: ५ व्होल्ट, ग्राउंड, आवाज, चित्र. डबी त्यांची सरमिसळ करून टीव्ही चॅनल बनवते. आपल्याला डबीच्या आधी चित्र आणि आवाज पकडायचा आहे. ५ व्होल्टची पिन मीटरने सापडते, ग्राउंड म्हणजे पत्रा. उरलेल्या दोनांतली कुठली काय ते ॲम्प्लिफायरला वायर लावून कळतं: जिथे मारिओचं संगीत वाजतं तो आवाज, जिथे घुर्र येते ते चित्र.

आधी चित्राची पिन सरळ टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला लावून पाहिली. चित्र आलं, पण फिकट, वरचा भाग वाकलेला, मध्येच लोळायचं. टीव्हीचं इनपुट ७५ ओहमचं असतं. चिपच्या अंगात तेवढं ओझं ओढायची ताकद नसते. मध्ये एक ट्रान्झिस्टर लागतो.

चाललेली जोडणी अशी: बीसी ५५७ ट्रान्झिस्टरचा कलेक्टर ग्राउंडला. बेसवर चित्राची वायर, आणि डबीकडे जाणारा तिचा ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) कापायचा. एमिटरपासून ३३० ओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टला. एमिटरवरूनच २२० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर (प्लस एमिटरकडे), त्यापुढे ७५ ओहम, त्यापुढे पिवळं सॉकेट. आवाजाला १० मायक्रोफॅरड मालिकेत, पांढरं सॉकेट. सगळं मिळून पंचवीस रुपयांच्या आतलं सामान. डब्याला दोन भोकं पाडायला मात्र तापवलेला खिळा वापरू नका, प्लास्टिक कुरूप वितळतं. हातड्रिल वापरा.

चित्र स्वच्छ आलं, पण निळ्या आकाशावर बारीक उभ्या पट्ट्या. ७८०५ च्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि पिवळ्या सॉकेटला वेगळी जाड ग्राउंड वायर दिल्यावर त्या फिक्या झाल्या. पूर्ण गेल्या नाहीत. बोर्डावरचे ट्रॅक एकमेकांना खेटून नेलेत, त्याला इलाज नाही. लांबून दिसत नाहीत.

२१ जानेवारी

एलसीडीवर एक विचित्र गोष्ट. मारिओ मोठा असताना शत्रूला लागला की थोडा वेळ लुकलुकतो आणि तेवढ्यात त्याला काही होत नाही. आमच्या टीव्हीवर त्या वेळात तो लुकलुकतच नव्हता, चक्क गायब होत होता. भाच्याने कॅसेट खराब ठरवली.

कॅसेट चांगली आहे. लुकलुक करण्यासाठी गेम मारिओला एका आड एका फ्रेमला काढतो. यंत्र प्रत्येक फ्रेमला सगळं चित्र नव्याने पाठवतं. पण एलसीडीला वाटतं की हे टीव्हीच्या प्रक्षेपणासारखं सम-विषम रेघांचं अर्धंअर्धं चित्र आहे. मग तो दोन फ्रेम शिवून एक करतो आणि त्या शिलाईत कधी मारिओ असलेली फ्रेम राहते, कधी नसलेली. या चिपला एका आडव्या रेघेवर आठच हलती चित्रं दाखवता येतात, एकूण ६४. गर्दी झाली की गेम मुद्दाम आळीपाळीने दाखवतात. त्यामुळे गोळीबाराच्या गेममध्ये शत्रूच्या गोळ्याच दिसेनाशा होतात. वर हे शिवणकाम करायला टीव्ही वेळ घेतो, म्हणून उडी उशिरा लागते. 'लहानपणी मी चांगला खेळायचो, आता जमत नाही' असं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचा दोष टीव्हीचा असावा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर लावा. आमच्या टीव्हीत होता, थोडा फरक पडला. पण खरा उपाय डबा टीव्ही, म्हणजे जुना पिक्चर ट्यूबवाला.

२६ जानेवारी

सुट्टी. भंगारवाल्याकडून १४ इंची डबा टीव्ही, तीनशे रुपये, वजनावर. त्याला तो घेतोय कोण याचंच नवल.

घरी लावला तर चित्र उभ्या दिशेत दबलेलं, वर-खाली काळे पट्टे. आमच्या गल्लीतल्या टीव्हीवाल्या काकांना बोलावलं. मी पाठचं झाकण उघडून ठेवणार होतो, ते म्हणाले, "हात लावू नकोस. मी येईपर्यंत प्लगसुद्धा काढून ठेव." पिक्चर ट्यूबवर वीस हजारांच्या वर व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते काही काळ आत साठून राहतात. व्हिडिओ गेम ५ व्होल्टचा आहे, तिथे चुका परवडतात. इथे नाही. काकांनी उभ्या दिशेच्या भागातला एक कॅपॅसिटर बदलला आणि अडीचशे घेतले. ते पैसे द्यायला अजिबात का-कू करू नका.

आता मारिओ लुकलुकतो. उडी बटणाबरोबर. आणि बंदूक चालते!

बंदुकीबद्दल खूप जण विचारतात म्हणून लिहितो. बंदुकीतून काहीही बाहेर जात नाही, तिच्यात फक्त उजेड बघणारा डोळा आहे. चाप ओढला की गेम क्षणभर पडदा पूर्ण काळा करतो आणि पुढच्या फ्रेमला निशाण्याच्या बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. काळोखानंतर डोळ्याला उजेड दिसला तर नेम लागला. हे सगळं ट्यूबच्या वेळेवर बेतलेलं आहे, कारण तिथे यंत्राने पाठवलेली रेघ त्याच क्षणी पडद्यावर उमटते. एलसीडी काही फ्रेम मागे असतो, तोवर गेमने निकाल देऊन टाकलेला असतो. त्यामुळे एलसीडीवर बंदूक चालत नाही म्हणून ती उघडू नका. माझ्या बंदुकीत फक्त भिंगावर धूळ होती.

३ फेब्रुवारी

कॅसेटी. पाचांपैकी दोन चालतात, एकीचं चित्र भंगार, एक मुकी, एक मेलेली.

फुंकर मारायची नाही. आपण सगळ्यांनी मारली, त्यातल्या ओलाव्याने पिनांचं तांबं हिरवं पडलंय. फुंकल्यावर चालायचं ते काढून परत घातल्यामुळे. खोडरबरही शेवटचा उपाय, कारण कडेवरचा मुलामा पातळ असतो आणि रबराने तो निघून जातो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल (केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे, मला शंभर मिलिलिटर दीडशेला पडलं) आणि कापसाच्या काड्या. काडी काळी येणं थांबेपर्यंत. हिरवं जिथे चढलं होतं तिथे नाइलाजाने रबर, मग पुन्हा अल्कोहोल.

यंत्राच्या सॉकेटमध्ये काडी जात नाही. जुन्या एटीएम कार्डाला सुती कापड गुंडाळून, अल्कोहोलमध्ये भिजवून आत-बाहेर केलं. दाभणाने पिना वर उचकटायची शिफारस लोक करतात. मी एकच उचलली आणि ती शेजारणीला टेकली. वीज देण्याआधी दिसलं म्हणून बरं.

आता भंगार चित्राची कॅसेट. या कॅसेटींच्या आत दोन वेगळ्या मेमऱ्या असतात: एक प्रोसेसरसाठी गेमचा प्रोग्राम, दुसरी चित्राच्या चिपसाठी नक्षी. कडेच्या पिनांचीही तशीच वाटणी, साधारण अर्ध्या पिना प्रोसेसरच्या, अर्ध्या चित्राच्या. म्हणून लक्षण बघून जागा सांगता येते. गेम व्यवस्थित चालतोय, संगीत बरोबर, पण पात्रांच्या जागी तुकडे आणि आकडे दिसतायत, तर चित्राच्या बाजूचा संपर्क तुटलाय. पडदा एकरंगी आणि काहीच हलत नाही, तर प्रोग्रामची बाजू. माझ्या कॅसेटचा उजवा अर्धा भाग पुन्हा घासला, पात्रं जागेवर आली.

४ फेब्रुवारी

मुकी कॅसेट. चित्र उत्तम, बाकीच्या कॅसेटींना आवाज आहे, हिलाच नाही. कॅसेटमध्ये स्पीकर नसतो, मग आवाज तिच्यामुळे कसा जाईल, यावर बराच वेळ डोकं खाजवलं.

फॅमिकॉममध्ये आवाज कॅसेटमधून वळसा घालून येतो. यंत्राचा आवाज ४५ क्रमांकाच्या पिनेने कॅसेटमध्ये जातो आणि ४६ ने परत बाहेर येतो. जपानमध्ये काही कॅसेटींमध्ये स्वतःची आवाजाची चिप असायची, तिला आपला सूर मिसळता यावा म्हणून ही सोय. साध्या कॅसेटमध्ये या दोन पिना फक्त एकमेकींना जोडलेल्या असतात. माझ्या कॅसेटमध्ये तो बारीक जोडट्रॅकच गंजून तुटला होता. केसाएवढी तार टाकून सोल्डर मारलं, आवाज आला. खर्च शून्य. आजवरच्या सगळ्या कामात मजा आली ती इथे.

(पिना मोजताना: एका बाजूला १ ते ३०, दुसऱ्या बाजूला ३१ ते ६०. बाजू उलटी धरली तर भलत्याच दोन पिना जोडाल. ३० आणि ३१ वर ५ व्होल्ट आहेत, १ वर ग्राउंड; मीटरने ते आधी पक्कं करा.)

१० फेब्रुवारी

रिमोट. आठ बटणं आणि वायरी फक्त पाच: ५ व्होल्ट, ग्राउंड, आणि तीन कामाच्या. एका वायरीवरून यंत्र रिमोटला सांगतं, 'आत्ता कुठली बटणं दाबलेली आहेत ते धरून ठेव'. दुसरीवरून टिकटिक देतं आणि तिसरीवरून रिमोट एकेका बटणाचं उत्तर ओळीने देतो: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावा, उजवा. त्यामुळे एखादंच बटण चालत नसेल तर वायरीला दोष देऊ नका, दोष त्या बटणाखाली. एकही चालत नसेल तर वायर.

लोंबणारी वायर आत दोन ठिकाणी तुटलेली निघाली, मुळाशी आणि प्लगजवळ. दोन्हीकडून दहा-दहा सेंटिमीटर कापून टाकली. रंगांवर विश्वास नको. माझ्या दोन्ही रिमोटांत लाल वायर वेगवेगळ्या कामाला आहे. मीटरने एक एक जुळवा.

'ए' बटणाखालच्या रबराचा काळा थर उडालेला. पेन्सिलीचं शिसं घासलं, दोन दिवस चाललं. चॉकलेटची चांदी चिकटवली, ती कडेने सुटून दुसऱ्या ट्रॅकला लागली आणि मारिओ आपोआप उड्या मारायला लागला. शेवटी बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटमधल्या बटणांचे काळे ठिपके ब्लेडने कापून फेव्हिक्विकच्या अगदी लहान थेंबाने बसवले. गोंद काळ्या तोंडावर आला तर संपलं, म्हणून थेंब सुईच्या टोकाने लावा.

१८ फेब्रुवारी

कॅसेटींची वही सुरू केली. जुन्या बाजारातून आणि ओळखीच्या घरांतल्या माळ्यांवरून आणखी काही आल्या. लेबलावर जाऊ नका. लेबलावर एक चित्र, आत दुसराच गेम, हे नेहमीचंच. म्हणून वहीत लेबल नाही, चालवल्यावर जे दिसलं ते लिहितो.

'९९९९९९९ इन १' ही लांबलचक गेम-यादीची कॅसेट चालवून शेवटपर्यंत गेलो नाही, कुणी जाऊही नये. पहिल्या पानानंतर तेच गेम पुन्हा पुन्हा येतात, फक्त कधी तिसऱ्या पातळीपासून, कधी पाच जीव देऊन, नाव बदलून. पण या कॅसेटींत ठरावीकच गेम का असतात त्याला कारण आहे. कुठलीही जादा चिप न लावता या यंत्राला ३२ किलोबाइट प्रोग्राम आणि ८ किलोबाइट चित्र एवढंच दिसतं. १९८५ चा पहिला 'सुपर मारिओ' बरोब्बर त्यात बसतो, ४० किलोबाइट. रणगाड्यांचा 'बॅटल सिटी' २४ चा. म्हणून आपल्या पिढीला रणगाडे, 'रोड फायटर', 'सर्कस चार्ली', 'एक्साइटबाइक' पाठ आहेत. 'सुपर मारिओ ३' ३८४ किलोबाइटचा, त्याला वेगळी चिप लागते. तो हजारोंच्या यादीत दिसला तर बहुधा पहिलाच मारिओ कपडे बदलून आलेला असतो. स्वतंत्र कॅसेट मिळाली तर शक्यता बरी.

किमतीबद्दल माझं मत: इथल्या नकली कॅसेटीला 'दुर्मिळ' म्हणून हजारो मागणाऱ्यांकडे पाठ फिरवा. शंभर-दीडशे ठीक. तेच पैसे जपानी मूळ कॅसेटवर घाला. कुलूप नसल्यामुळे ती या डब्यात थेट बसते.

२५ फेब्रुवारी

भाचा इंटरनेटवर मारिओचे व्हिडिओ बघून आला आणि म्हणाला, "मामा, आपला मारिओ हळू आहे." मी झटकून टाकलं. मग घड्याळ लावलं.

मारिओतल्या 'टाइम'चा एक आकडा म्हणजे सेकंद नव्हे, २४ फ्रेम. जपानी यंत्र सेकंदाला ६० फ्रेम काढतं, म्हणजे १०० आकडे उतरायला ४० सेकंद. आपल्याकडचा टीव्ही ५० चा. माझ्या यंत्रावर १०० आकड्यांना ४८ सेकंद लागले. पोराचं बरोबर होतं. लहानपणी आपण जो मारिओ खेळलो तो मूळ गेमच्या सहा भागांतले पाच भाग वेगाने चालत होता. सूर मात्र जवळजवळ तोच राहतो, कारण सूर प्रोसेसरच्या वेगातून निघतो आणि तो या नकलांमध्ये मूळच्या जवळ, १.७७ मेगाहर्ट्झ ठेवलाय, मूळ १.७९. फक्त लय संथ होते.

यंत्र विकत घेताना ही चाचणी करा, मोबाइलच्या स्टॉपवॉचने होते. ६० चं यंत्र मिळालं तर जुन्या डबा टीव्हीवर ते काळं-पांढरं किंवा लोळतं दिसू शकतं, म्हणून आधी आपला टीव्ही कुठला ते बघा. माझ्यापुरतं ठरलं: ५० चंच ठेवणार. भाच्याला मान्य नाही.

९ मार्च

टोकियोत नोकरीला असलेला मित्र सुट्टीवर आला, येताना अकिहाबारातून (तिथला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) दोन जुन्या कॅसेटी घेऊन. एक साधा 'मारिओ', दुसरी १९९३ ची 'कर्बी'. कर्बीत खेळ साठवून ठेवता येतो, म्हणजे आत बॅटरी. चालवली, खेळ साठवला, बंद केली, पुन्हा लावली. साठवलेलं गायब. उघडली. मीटरवर बॅटरी १.१ व्होल्ट, हवेत ३.

सीआर २०३२ ही बटणाएवढी बॅटरी नेहमीचीच, पण तिच्या अंगाला पत्र्याचे पाय वेल्ड केलेले असतात. साध्या बॅटरीवर थेट सोल्डर मारायचं नाही, ती तापून फुटू शकते. पायवाली ऐंशी रुपयांना मिळाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरिअरने मागवली, कुरिअर बॅटरीपेक्षा महाग. जुनी काढताना आधी थोडं नवं सोल्डर लावून मग उपसलं, ट्रॅक उचलला गेला नाही. प्लस-मायनस बोर्डावर छापलेलं आहे. सोल्डर करून झाल्यावर मीटरवर ३.१. रात्री साठवलेला खेळ सकाळी जागेवर होता.

१० मार्च

मेलेली पाचवी कॅसेट उघडली. आत राळेचे दोन ठिपके, त्यातल्या एकाला तडा. इथे काही करण्यासारखं नाही. डबी चांगली आहे, ती लेबल फाटलेल्या बंदुकीच्या कॅसेटला चढवली. बोर्डाची ६० पिनांची कड करवतीने कापून ठेवली. सॉकेटची पिन न् पिन मीटरने तपासायला तिच्यावर वायरी सोल्डर करून घेणार आहे.

आतापर्यंतचा खर्च वहीत: यंत्र ७००, टीव्ही आणि काका मिळून ५५०, सुटे भाग, अल्कोहोल, बॅटरी, कुरिअर धरून चारशेच्या आत. जपानी कॅसेटींचे पैसे मित्राने अजून सांगितलेले नाहीत. पुढचं काम, दुसऱ्या रिमोटचं 'सिलेक्ट'. दाबलं की कधी लागतं, कधी नाही. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटमध्ये आणखी काळे ठिपके शिल्लक आहेत.